दोन केसेसमधली वीस मिनिटं

पत्राचा सारांश : फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या खासगी इस्पितळात मी स्टाफ नर्स आहे. वर्षभरापासून ऑपरेशन थिएटर माझ्याकडे आहे. पंधरवड्यातून एकदा बाहेरचे सर्जन दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांसाठी येतात. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया अशा तीन-चार केसेस एका दिवसात होतात. दुर्बिणीचा सेट एकच आहे, तोही सकाळी त्यांच्याच गाडीतून येतो. दोन केसेसच्या मध्ये इन्स्ट्रुमेंट्स वीस मिनिटं सायडेक्समध्ये, म्हणजे जंतुनाशक द्रावणात, बुडवतो, नळाच्या पाण्याखाली धुतो आणि पुन्हा टेबलावर घेतो. चवथीनंतर तीन रुग्ण परत आले. ऑपरेशनला महिना उलटल्यावर बेंबीच्या टाक्याखाली गाठ झाली आणि तिच्यातून पाण्यासारखा पू येऊ लागला. अँटिबायोटिक्स बदलून बदलून दिली, फरक नाही. पुवाचं कल्चर, म्हणजे जंतू उगवून बघायची तपासणी, ‘नो ग्रोथ’ आलं. डॉक्टर म्हणतात एकीला साखर आहे, दुसऱ्याने जखम ओली केली. तिसरी बाई तर यायचीच बंद झाली, घरी हळद लावते असं कळलं. मला वाटतं आमचं सायडेक्स कमी पडतंय. रात्रभर बुडवून ठेवावं, की दुसऱ्या कंपनीचं जास्त कडक मागवावं? आमच्या सीनियर सिस्टर पंचवीस वर्षं असंच करत आल्या आहेत. मी तोंड उघडलं तर त्यांच्यावर आरोप केल्यासारखं होईल, आणि गप्प बसले तर रात्री झोप येत नाही.

ताई,

तुमच्या पत्रात एक शब्द सहज येऊन गेलाय आणि आम्ही त्याच्यापाशीच थांबलो : महिना. ऑपरेशनची जखम नेहमीच्या जंतूंनी पिकते तेव्हा ती बहुधा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत बोलते. लाल होते, गरम लागते, दुखते, ताप येतो, घट्ट पू येतो. तुम्ही लिहिलेलं चित्र वेगळं आहे. जखम आधी नीट भरली, टाके निघाले, रुग्ण कामाला लागला आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी गाठ आली. पातळ स्राव, नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद नाही, साध्या कल्चरमध्ये काही उगवत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या आपल्याकडच्या सर्जन मंडळींना हे चित्र ओळखीचं आहे. यात पहिला संशय घ्यायचा तो क्षयरोगाच्या जंतूच्या दूरच्या भाऊबंदांवर, म्हणजे मायकोबॅक्टेरियम फॉर्ट्युइटम, चेलोनी आणि अ‍ॅब्सेसस यांच्यावर. हे जंतू माणसाकडून माणसाला लागत फिरत नाहीत. ते मातीत राहतात, नळाच्या पाण्यात राहतात, टाकीच्या आणि पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात वर्षानुवर्षं राहतात.

आम्ही रुग्ण पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे निदान समजू नका, संशय समजा. पण तपासायलाच हवा इतका तो पक्का आहे.

आता ‘नो ग्रोथ’विषयी. त्या शब्दांनी तुमच्या डॉक्टरांना धीर आला असावा, पण त्यांचा अर्थ जंतू नव्हते असा होत नाही. साधं पू-कल्चर साधारण ४८ तास ठेवतात आणि मग प्लेट टाकून देतात. या जंतूंना उगवायला तीन ते सात दिवस लागतात, कधी त्याहूनही जास्त. प्रयोगशाळेला आधी सांगितलं नाही तर तेवढे दिवस कोणी थांबत नाही. पुढचा नमुना पाठवताना कागदावर स्पष्ट लिहायला सांगा : एएफबी स्मिअर (क्षयरोगाच्या जातकुळीतले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली शोधायची तपासणी) आणि मायकोबॅक्टेरियाचं कल्चर, दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या जागेचा उशिरा आलेला संसर्ग. कापसाच्या काडीवरचा स्वॅब नको. सिरिंजने ओढलेला पू किंवा गाठीचा छोटा तुकडा हवा. तुकडा निर्जंतुक डबीत, थोड्या निर्जंतुक सलाईनमध्ये पाठवा. फॉर्मालिनमध्ये अजिबात टाकू नका, त्यात जंतू मरतात आणि कल्चर पुन्हा कोरंच येतं. बायोप्सी म्हटलं की हात आपोआप फॉर्मालिनच्या बाटलीकडे जातो, म्हणून हे आवर्जून लिहितोय. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) सूक्ष्मजीवशास्त्र विभागात किंवा क्षयरोगाचं कल्चर जिथे होतं अशा प्रयोगशाळेत आधी फोन करून विचारलं, तर नमुना कसा आणि कधी पोचवायचा ते कळेल.

इथे एक खड्डा आहे. स्मिअरमध्ये एएफबी दिसले की ‘टीबी निघाला’ म्हणून लगेच टीबीच्या गोळ्या सुरू होतात. स्मिअरमध्ये टीबीचा जंतू आणि हे भाऊबंद सारखेच दिसतात. क्षयरोगाची सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह आणि स्मिअर पॉझिटिव्ह असेल तर हे भाऊबंदच असण्याची शक्यता जास्त, आणि टीबीची नेहमीची औषधं त्यांच्यावर चालत नाहीत. उपचार वेगळे असतात, कित्येक महिने चालतात, कधी गाठ काढावी लागते. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. योग्य नमुना योग्य डबीत जाईल एवढं मात्र तुमच्या हातात आहे.

साखर आणि ओली जखम यांचंही बघू. साखर वाढलेली असली की जखम उशिरा भरते, हे खरंच. पण तीन वेगळ्या माणसांना, एकाच ठिकाणी, एकाच अंतराने, एकाच तऱ्हेची गाठ झाली असेल तर तिघांमध्ये सारखं काय होतं हा प्रश्न आधी विचारावा लागतो. सारखी होती ती बेंबीची वाट. बहुधा तिथूनच दुर्बीण आत जाते आणि कित्येकदा काढलेला भागही तिथूनच बाहेर येतो.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक काम करा, ते तुमच्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त बोलेल. थिएटरचं रजिस्टर काढा आणि एका कोऱ्या पानावर तिघांची नोंद करा : ऑपरेशनची तारीख, त्या दिवशी केस कितवी होती, कोणता सेट, सायडेक्सचा कॅन कधी उघडला होता, गाठ कधी दिसली. त्यातला ‘केस कितवी’ हा रकाना नीट बघा. तिघेही दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असतील तर दोन केसेसमधली ती वीस मिनिटंच समोर येतात. पहिल्या क्रमांकाचा रुग्णही त्यात असेल तर सकाळी गाडीतून आलेला सेट आधीपासूनच तसा होता, असं धरून चालावं लागेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. सायडेक्स म्हणजे ग्लुटारल्डिहाइड, साधारण दोन टक्के. कंपनी कुठलीही असो, थिएटरमध्ये त्याला सगळे सायडेक्सच म्हणतात. तुम्ही धरून चालला आहात की द्रावण पुरेसं कडक असलं आणि पुरेसा वेळ दिला की काम झालं. आमचं म्हणणं असं की तुमच्या टबात काय आहे याच्या आधी, टबात काय जातंय आणि टबातून निघाल्यावर त्याचं काय होतंय, हे बघायला हवं.

एक ट्रोकार (पोटाच्या भिंतीतून आत घालायची नळी) घ्या, धुऊन ‘स्वच्छ’ म्हणून ठेवलेला. त्याचा व्हॉल्व्ह उघडा, रबराचा वॉशर काढा, आतली झडप बोटाने दाबून धरा आणि पांढऱ्या गॉजची ओली वात नळीतून आरपार ओढा. बाहेर आलेली वात खिडकीच्या उजेडात धरा. ती तपकिरी निघाली, वॉशरच्या खाचेत काळपट रेघ दिसली, तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. ते वाळलेलं रक्त आणि चरबी आहे. ग्लुटारल्डिहाइडचा स्वभाव असा की ते प्रथिनाला घट्ट करतं. पॅथॉलॉजीत तुकडा जसा ‘फिक्स’ होतो, तसंच न धुतलेलं रक्त इन्स्ट्रुमेंटवर फिक्स होतं. त्या कवचाखाली बसलेल्या जंतूंपर्यंत द्रावण पोचत नाही. मग वीस मिनिटं ठेवा नाहीतर रात्रभर.

आणि कवच नसलं तरी हे जंतू चिवट. त्यांचं आवरण मेणचट असतं. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोत २००६-०७ साली दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर अशाच संसर्गाचे हजारावर संशयित रुग्ण निघाले. त्यातला जंतू दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडला दाद देत नाही, असं तपासात दिसलं. म्हणजे ‘जास्त कडक’च्या मागे लागून आपण हरायची शक्यता आहे.

त्यात भर पडते शेवटच्या धुण्याची. समजा टबात सगळं मेलं. मग तुम्ही इन्स्ट्रुमेंट नळाखाली धरता. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येणारं पाणी पिण्यासाठी शुद्ध केलेलं असतं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरिनला हे जंतू पुरून उरतात, आणि ते पाणी तुमच्यापर्यंत येतं स्लॅबवरच्या टाकीतून. म्हणजे निर्जंतुक केलेल्या नळीत शेवटच्या क्षणी आपणच जंतू भरतो आणि ती नळी पोटाच्या भिंतीतून आत जाते. घरगुती फिल्टरचं पाणीही चालत नाही, त्या फिल्टरमध्येच ते घर करतात. उकळून झाकलेल्या बादलीतलं, मगाने काढायचं पाणी तर त्याहून वाईट.

म्हणून रात्रभर बुडवण्याने फरक पडणार नाही. लेबलवर लिहिलेले दहा तास खरे असतात, पण पूर्ण स्वच्छ आणि सुट्या केलेल्या वस्तूसाठी, ताज्या द्रावणात, आणि त्यानंतर निर्जंतुक पाण्याने धुतलं तर.

अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९५०-६०च्या दशकांत एक साधी विभागणी दिली, ती आजही जगभर चालते आणि केंद्र सरकारच्या २०२०च्या संसर्ग-प्रतिबंध मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. शरीराच्या निर्जंतुक भागात किंवा रक्तात जाणारी वस्तू निर्जंतुकच हवी. श्लेष्मल त्वचेला लागणाऱ्या वस्तूला किमान उच्च दर्जाचं जंतुनाशन (हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन), आणि नुसत्या धडधाकट कातडीला लागणाऱ्या वस्तूला साधी सफाई पुरते. ट्रोकार, ग्रास्पर (आतला भाग पकडायचा लांब चिमटा), क्लिप लावायचं यंत्र, दुर्बीण ही सगळी पहिल्या गटातली. वीस मिनिटांचं सायडेक्स दुसऱ्या गटासाठी आहे. तुमच्याकडे पहिल्या गटाच्या वस्तूंना दुसऱ्या गटाचं काम मिळतंय, हा दोष पद्धतीतच आहे. कंपनी बदलून तो जाणार नाही.

मग करायचं काय? सुरुवात टेबलावरून होते. केस चालू असतानाच इन्स्ट्रुमेंट निर्जंतुक पाण्यात भिजवलेल्या गॉजने पुसा आणि नळीतून सिरिंजने पाणी सोडा. सलाईन वापरू नका, मिठाने स्टीलवर बारीक खड्डे पडतात आणि पुढचं रक्त त्या खड्ड्यांत बसतं. केस संपली की सगळं ओल्या टॉवेलखाली झाकून धुण्याच्या जागी न्या. वाळू देऊ नका. वाळलेलं रक्त काढायला कितीतरी जास्त वेळ जातो.

सिंकपाशी प्रत्येक वस्तू सुटी करा. ग्रास्परचे तीन भाग होतात : मूठ, काळं आवरण आणि आतला दांडा. व्हेरेस सुईची (पोटात गॅस भरायच्या सुईची) आतली स्प्रिंगची सळई बाहेर येते. ट्रोकारची टोपी, झडप, वॉशर आणि रिड्यूसर वेगळे करा. जे इन्स्ट्रुमेंट उघडतच नाही ते आतून धुता येत नाही. अशांची यादी करून डॉक्टरांना द्या, कारण ती बदलावी लागतील. एन्झाइमचं डिटर्जंट लेबलवरच्या मापाने घाला, अंदाजाने नको. पाणी कोमट असू द्या, ४०-४५ अंशांच्या आत. कढत पाण्याने रक्त अंड्यासारखं गोठतं. वस्तू पूर्ण बुडाली पाहिजे आणि नळीत बुडबुडा राहता कामा नये, त्यासाठी सिरिंजने द्रावण आत ढकला. पाच ते दहा मिनिटांनी पाण्याच्या खालीच ब्रश करा, नाहीतर तुषार तुमच्या डोळ्यांत उडतात. ब्रश नळीच्या मापाचा घ्या : बारीक असला तर भिंतीला लागत नाही, जाड असला तर वाकतो. तो दुसऱ्या टोकाने बाहेर आला पाहिजे, तिथे धुवायचा आणि मग मागे ओढायचा. ब्रश स्वच्छ निघेपर्यंत हे चालू. नंतर वाहत्या पाण्याने धुवा, शेवटचा हात डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्याचा (पुढे वाफेत जायचं असतं म्हणून इथे ते चालतं). तुमच्याकडे विहिरीचं पाणी मिसळत असेल आणि त्यात लोह असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. लालसर डाग गंज आहे की पाण्याचा, हेच मग कळत नाही.

धुतल्यावर कोरडं करा आणि भिंगाखाली बघा. सांधे, दात, काळ्या आवरणावरच्या चिरा. आवरणाला चीर असेल तर तिथून कॉटरीचा (विजेने कापायच्या-डागायच्या यंत्राचा) करंट आत आतड्याला लागू शकतो, ती वस्तू लगेच बाजूला काढा. या सगळ्याला एका सेटमागे चाळीस मिनिटं धरा. दोन केसेसच्या मध्ये वीसच मिनिटं मिळत असतील, तर धुणं आजवर होतच नव्हतं, असा त्याचा अर्थ.

यानंतर ऑटोक्लेव्ह. तुमच्याकडे उभा, कुकरसारखा आहे असं धरतो. कुकरात शिटी आधीच बसवली तर हवा आत कोंडते, तसंच इथेही होतं. काटा १५ पौंडांवर येतो, पण आत हवा असेल तर तापमान १२१ अंशांपर्यंत पोचलेलं नसतं. सुरुवातीला व्हॉल्व्हमधून फुसफुस येते ती हवा-वाफेची मिसळ. ती थांबून जोरकस, सलग वाफ काही मिनिटं येऊ द्या, मगच बंद करा. १२१ अंश आल्यापासून गुंडाळलेल्या सेटला ३० मिनिटं. मध्येच वीज गेली, पावसाळ्यात ती जातेच, तर उरलेली मिनिटं मोजायची नाहीत, पहिल्यापासून सुरू करायचं. ड्रम गच्च भरू नका. बारीक, लांब नळ्यांतली हवा अशा साध्या ऑटोक्लेव्हमध्ये पूर्ण निघत नाही, त्यांना आधी हवा खेचून घेणारा प्री-व्हॅक्यूमचा ऑटोक्लेव्ह लागतो (तिथे १३४ अंशांना तीन-चार मिनिटं पुरतात). तो तुमच्याकडे नसेल तर ज्या मोठ्या इस्पितळात ही सोय आहे त्यांच्याशी ठरवून तेवढी इन्स्ट्रुमेंट्स तिथे पाठवणं भाग आहे.

बाहेरच्या टेपवरच्या काळ्या रेघा एवढंच सांगतात की गठ्ठा उष्णतेत जाऊन आला. आतपर्यंत वाफ पोचली का, ते गठ्ठ्याच्या मधोमध ठेवलेली केमिकल इंडिकेटरची पट्टी सांगते, आणि आठवड्यातून एकदा जिवाणूंच्या बीजाणूंची व्हायल लावली की खात्री होते. गठ्ठा ओला निघाला तर तो निर्जंतुक नाही. गोव्याच्या पावसाळ्यात गरम गठ्ठा थंड कडप्प्यावर ठेवला की खालून पाणी सुटतं. जाळीच्या रॅकवर आपोआप गार होऊ द्या, आणि ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून साठवू नका.

दुर्बिणीची काळजी सगळ्यांनाच वाटते, कारण ती महाग. डोळा लावायच्या टोकाजवळ ऑटोक्लेव्हचा शिक्का कोरलेला आहे का बघा. असेल तर ती वाफेत जाते, फक्त बाहेर काढल्यावर गार पाण्यात घालू नका, तिचा सील तडकतो. शिक्का नसेल तर ईटीओ (एथिलीन ऑक्साइड) गॅस किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा. ईटीओनंतर गॅस निघून जायला बारा-एक तास द्यावे लागतात, म्हणजे आदल्या दिवशीच पाठवायला हवी. प्लाझ्माला तासाभरात होतं, पण वस्तू ठणठणीत कोरडी हवी आणि कागद-कापड सोबत चालत नाही. कॅमेऱ्याला निर्जंतुक प्लास्टिकची बाही. थिएटरमध्ये अजून फॉर्मालिनच्या गोळ्यांचा डबा असेल तर तो बंद करा. त्याने आतल्या नळ्या निर्जंतुक होत नाहीत आणि ती वाफ कर्करोगकारक म्हणून २००४ सालापासून नोंदलेली आहे. ज्या ट्रोकारच्या पाकिटावर गोलात कापलेला २ हा आकडा आहे तो एकदाच वापरायचा, धुऊनही दुसऱ्यांदा नाही.

आता हिशेब मांडू, कारण डॉक्टर हिशेबाचंच विचारतील. धुणं ४० मिनिटं, ऑटोक्लेव्ह तापायला २०-२५, आत ३०, वाफ सोडून कोरडं व्हायला ३०. दोन तास तरी गेले. एकाच सेटवर दिवसाला दोन केसेस होतात, त्याही मध्ये अंतर ठेवून. मधल्या वेळात ज्यांना दुर्बीण लागत नाही अशा केसेस किंवा ओपीडी लावता येते. चार केसेस हव्याच असतील तर दुसरा सेट आणि दुसरी दुर्बीण घ्यावी लागेल, तिसरी वाट आम्हाला दिसत नाही. सर्जनांचा सेट सकाळी आठला गाडीतून येतो तो आदल्या संध्याकाळी आला पाहिजे, आणि तिकडे धुतलेला असला तरी इथे पुन्हा सुटा करून, धुऊन, वाफेत घालूनच टेबलावर जावा. कुठल्या इस्पितळातून तो आला, तिथे पाणी कुठलं होतं, हे तुम्हाला माहीत नसतं.

दुसरा सेट येईपर्यंत काही आठवडे सायडेक्सवरच ओढायची वेळ आली, तर ते दुय्यम आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून निदान इतकं पाळा. कॅनवर सक्रिय केल्याची तारीख. लेबलवर १४ दिवस असतील तर १४च. चवथीआधी उघडलेला कॅन दसऱ्यापर्यंत ओढायचा नाही, आणि कमी झालं म्हणून वरून भर घालायची नाही. वापराच्या दिवशी सकाळी टेस्ट स्ट्रिप बुडवून ताकद तपासा. ओली इन्स्ट्रुमेंट्स टाकली की द्रावण दर वेळी पातळ होतं, त्यामुळे १४ दिवसांच्या आधीही ते संपू शकतं. टबात थर्मामीटर ठेवा. एसी १८ अंशांवर असेल तर द्रावणही गार पडतं आणि लेबलवर २५ अंशांचा वेळ दिला असेल तर तो लागू होत नाही. वेळ घड्याळाने मोजा. नंतर निर्जंतुक पाण्याचे तीन वेगवेगळे धुणे, प्रत्येक वेळी ताजं पाणी. टब बंद थिएटरमध्ये न ठेवता वारा खेळेल अशा जागी, झाकण लावून. नायट्रिलचे हातमोजे आणि चष्मा वापरा. सायडेक्सने डोळे चुरचुरतात ते सोसायचं दुखणं नव्हे, तेवढी वाफ शरीरात जातेय.

बाजारात ओपीए नावाचं दुसरं रसायन मिळतं, ०.५५ टक्के (ओपाच्या पाण्याशी संबंध नाही, नाव तेवढं सारखं). वास कमी, वेळ कमी. त्यात एक गंमतीची सोय आहे : नीट न धुतलेल्या वस्तूवर ते राखाडी डाग पाडतं, म्हणजे धुण्यातली चूक दाखवून देतं. पण गट तोच, दुसरा. ट्रोकारसाठी तेही उत्तर नव्हे.

सीनियर सिस्टरांबद्दल. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा कात्री, चिमटे, रिट्रॅक्टर अशी उघडी, घन इन्स्ट्रुमेंट्स होती. पुढे पाच मिलिमीटरच्या नळ्या आल्या, पण धुण्याची पद्धत कोणी नव्याने शिकवली नाही आणि दोन केसेसमधला वेळही कोणी वाढवून दिला नाही. त्यामुळे ‘चूक कोणाची’ हा प्रश्न त्यांच्यापाशी नेलात तर अन्याय होईल, आणि दुखावलेला माणूस चुका झाकायला शिकतो. ऑपरेशनची लिस्ट नसलेल्या दुपारी, डॉक्टर नसताना, दोघींनीच बसा. “सिस्टर, हा ट्रोकार मला पूर्ण सुटा करता येत नाही, दाखवाल?” एवढंच म्हणा. कोणत्या ट्रोकारची झडप अडकते, कोणत्या ग्रास्परचा स्क्रू ढिला आहे, हे त्यांना तुमच्यापेक्षा नक्की जास्त माहीत असणार. गॉजची वात त्यांच्याच हाताने ओढू द्या. ती तपकिरी निघाली तर तुम्ही काही बोलू नका. डॉक्टरांकडे मग दोघी मिळून जा, रजिस्टरचं पान आणि ती वात घेऊन.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात. दातांच्या दवाखान्यातला हँडपीस स्पिरिटने पुसून भागत नाही, तो प्रत्येक रुग्णानंतर वाफेत गेला पाहिजे. घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचं ब्लेड दुसऱ्या गटातलं, बल्ब काढून धुऊन मगच द्रावणात. ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायर बाटलीत निर्जंतुक पाणी, रोज ओतून टाकून नवं, भर घालून नाही. डेटॉल-सॅव्हलॉन ही कातडीसाठीची औषधं आहेत, इन्स्ट्रुमेंट बुडवायला नव्हेत. घरी नेब्युलायझर असेल तर प्रत्येक वापरानंतर कप आणि मास्क साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, आणि उत्पादकाने चालेल म्हटलं असेल तर कप रोज एकदा पाच मिनिटं उकळा. मोटरची नळी उकळायची नाही.

परत तुमच्याकडे. निदान पक्कं झालं, किंवा नुसता संशय बळावला, तरी त्या सेटवर मागच्या सहा महिन्यांत ज्यांची ऑपरेशन्स झाली त्या सगळ्यांना इस्पितळाने फोन करायला हवा. काहींना अजून गाठ आलेली नसेल, काहींनी ती टाक्याची गाठ म्हणून सोडून दिली असेल. यादी तुमच्या रजिस्टरातूनच निघणार आहे. त्यात हळद लावणाऱ्या त्या बाईंचं नाव सर्वांत वर लिहा. त्यांना वाटतंय आपलंच काहीतरी चुकलं. तसं नाही हे त्यांना सांगा, आणि नमुना देण्यासाठी या आठवड्यातच बोलवा.